बोनाफाईड मागायला आलास, प्रगतिपुस्तक कोण बघणार?

बोनाफाईड पाहिजे न? मिळेल. आधी बस.

सही-शिक्क्याला दोन मिनिटं लागतात. तो कागद तू युनिटला लावशील, क्लेम पास होईल आणि पोराच्या शिक्षणभत्त्याचे पैसे खात्यात पडतील. महिन्याला 2,812 रुपये 50 पैसे, वर्षाचे 33,750. हे एका लेकराचे. दोन असतील तर दुप्पट. जानेवारी 2024 पासूनचा दर. तुला तो माझ्याहून पक्का पाठ असणार. आता मला सांग, पोरगा कोणत्या तुकडीत आहे? त्याला गणित कोण शिकवतं? पहिल्या सत्रात किती गुण पडले?

खाली काय बघतोस? उत्तर फरशीवर लिहिलेलं नाही.

कॅन्टीनच्या कार्डावर या महिन्याचा कोटा किती उरला, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. महागाईभत्ता किती टक्क्यांनी वाढणार, हे सरकारच्या आधी तुला ठाऊक. आणि ज्याच्या नावावर हा भत्ता येतो त्याचं प्रगतिपुस्तक दिवाळीपासून दप्तराच्या तळाशी मुडपून पडलंय. पालकाच्या सहीची जागा कोरी. दरवर्षी एप्रिलात तुमच्यातला कोणी ना कोणी माझ्या टेबलासमोर उभा असतो. हातात अर्ज, चेहऱ्यावर घाई. पैशाचा कागद न्यायला बाप येतो. गुणांचा कागद बघायला कोणी येत नाही.

हे तुला एकट्याला नाही म्हणत. वरोऱ्यातून, माढेळीकडून, शेगावकडून, टेमुर्ड्याकडून जे वर्दीत गेले, त्यांतले कितीतरी ह्याच बाकांवरून उठून गेले. म्हणून अहो-जाहो करत बसणार नाही. वर्दीला सलाम आहेच. तो ठोकून झाला की मग बोलू.

तू अडाणी असतास तर मी गप्प बसलो असतो. अडाणी बाप निदान घाबरून शाळेत येतो, हात जोडून विचारतो, पोरगं बरं शिकते न सर? तू तर शिकलेला. बर्फात रात्रभर पहारा देणारा. रायफलचा एकेक सुटा भाग डोळे मिटून जोडणारा. रोलकॉलला अर्धा मिनिट उशीर झाला तर काय होतं हे जाणणारा. असा माणूस मला सांगतो की पोराच्या शाळेचं आपल्याला काही समजत नाही! समजत नाही, की समजून घ्यायचं नाही?

"सर, सुट्टीच भेटत नाही." हे पहिलं. बरं, हिशोब करू. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा, 30 दिवसांची किरकोळ. सगळी वेळेवर पदरात पडत नाही, तुकड्या-तुकड्यांनी मिळते, ऐन वेळी रद्दही होते, मान्य. पण जी मिळते तिचं काय होतं? घराचा स्लॅब. साळ्याचं लग्न. तहसीलमध्ये फेरफार. कोणाची तेरवी, कोणाचं बारसं. मित्रांना भेटायला संध्याकाळी आनंदवन चौक. ह्या सगळ्याला वेळ पुरतो. शाळा कुठं आहे? त्याच चौकाच्या रस्त्यावर. अर्धा तास. एका सुट्टीत अर्धा तास. तोही नाही? मग रजा मिळत नाही असं म्हणू नकोस. रजेच्या यादीत पोरगं नाही, असं म्हण.

दुसरं, "तिकडं नेटवर्क राहत नाही सर." नसतं, हेही खरं. पण जेव्हा असतं तेव्हा काय बोलतोस? मी सांगतो. पैसे पोचले का, बाबांची गोळी आणली का, बोअरला पाणी आहे का. मग शेवटी, "दे त्याला." पोरगं फोनवर. "अभ्यास करतोस न?" "हो पप्पा." "शाब्बास. मम्मीला दे." झालं पालकत्व! हे बोलणं म्हणजे हजेरी घेणं झालं, तेही गैरहजर माणसाने. त्याला विचार, आज मराठीच्या तासाला काय झालं? सतराचा पाढा म्हण. पुस्तक उघड आणि मला एक परिच्छेद वाचून दाखव. चार मिनिटं पुरतात. तेवढ्यात अडखळतो कुठं, खोटं बोलतो कुठं, सगळं कळतं. आणि नेटवर्क अजिबातच नसेल तर पोस्ट बंद झालेलं नाही. 56 एपीओ, 99 एपीओ हे पत्ते अजून जिवंत आहेत. पोराला सांग, दर रविवारी एक पत्र लिही मला, मराठीतून, शुद्ध. चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठव. बघ सहा महिन्यांत अक्षर कुठं जातं ते.

पण नाही. ते करायला बसावं लागतं.

तिसरं ऐकून तर माझं डोकंच फिरतं. "घरी ती आहे न सर." ती आहे. ती कुठं कुठं आहे ते सांगू? सासूच्या दवाखान्यात ती. बँकेच्या रांगेत ती. सोयाबीनच्या मजुरांचा हिशोब करायला ती. पालकसभेला बाकाच्या कडेवर बसून, फोनकडे बघत, घरी स्वयंपाक राहिला म्हणून अर्ध्यातून उठणारीही तीच. बाप आणि आई दोन्ही तीच आहे, आणि पोराला गणितात 11 पडले की तू फोनवरून तिलाच विचारतोस, दिवसभर करतेस काय? लाज वाटत नाही? तुझ्या पोस्टवर तुझ्या जागी कोणी एकट्याने चौघांची ड्युटी केली असती तर तू त्याला सलाम केला असतास.

आता पोराकडे बघू. तुझ्यासोबत शांत ठाण्यावर गेलं, की दर दोन-तीन वर्षांनी त्याची शाळा बदलते. तिसरी जम्मूला, पाचवी आसामात, मग तू फील्डवर आणि ते आजीकडे वरोऱ्याला. मराठी वर्गात येऊन बसतं. हुशार असतं. फौजी पोरं चुणचुणीत असतात, नव्या वर्गात दोन दिवसांत मित्र करतात. ह्याचं श्रेय तुला नाही, त्याच्या नशिबी आलेल्या सक्तीला आहे. पण फळ्यावर मी 29 लिहितो तेव्हा ते आधी "उनतीस" म्हणतं, मग घाबरून "ट्वेंटी नाइन" म्हणतं आणि "एकोणतीस" म्हणायची पाळी येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. उनसठ आणि एकोणसाठ ह्यांत त्याचा गोंधळ होतो आणि आम्ही म्हणतो ह्याचं गणित कच्चं. गणित कच्चं नसतं. त्याला एकाच इयत्तेत तीन भाषांतून मोजायला लावलेलं असतं. हे घरात कोणीतरी बसून दोन महिन्यांत निस्तरू शकतं. कोण बसलं? पाढ्यांचं पुस्तक आणायला वीसेक रुपये लागतात. पोराला तू काय आणलंस? स्मार्टफोन. पप्पा दूर आहेत म्हणून. आपल्या अपराधीपणाची किंमत तू हप्त्याने फेडतोस, आणि पोरगं ती डोळ्यांनी.

आणि टीसीचं रडगाणं नको. "मागच्या शाळेची टीसी आली नाही म्हणून दोन महिने घरीच आहे सर." काहून घरी आहे? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम वाच. मूल दुसऱ्या राज्यातून आलं तरी सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा त्याला हक्क आहे, आणि टीसीला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत कोणी प्रवेश अडवू शकत नाही. कोणी अडवलाच तर कायदा पुढे ठेव. तू कायद्याचा माणूस. सीमेवर नियम सांगतोस, शाळेच्या खिडकीपाशी तुझी वाचा बसते?

केंद्रीय विद्यालयांचं तर काय सांगावं. 1963 मध्ये 20 रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ती गाडी सुरू झाली. बदलीच्या नोकरीतल्या लेकरांना देशभर एकच अभ्यासक्रम मिळावा, एवढ्यासाठी. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत एक आहे, वरोऱ्याहून तासाच्या आत. तिथे प्रवेशाची चौकशी किती जणांनी केली? "ऐकलं होतं सर." ऐकलं होतं!

"शिकून काय करते सर, भरतीलाच लावतो." हे तू बोललास त्या दिवशी मी तुला उत्तर दिलं नाही, आज देतो. तुला वाटतं पहाटे पाचला पोराला पळवलं की भरती झाली. तुझ्या वेळी तसं होतं. 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, त्यात निघाला तर मग पळणं. आणि अग्निवीर जनरल ड्युटीला दहावीत एकूण 45 टक्के, प्रत्येक विषयात 33. म्हणजे छाती फुगली, पाय तयार झाले आणि गणितात 30 पडले, तर ग्राउंडचं तोंडही दिसणार नाही. निघालाच तरी चार वर्षं, त्यातून पुढे कायम होणार चारात एक. बाकी तिघं बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परत वरोऱ्यात. तेव्हा हातात दहावीची 46 टक्क्यांची गुणपत्रिका. कोण उभं करणार त्यांना दारात?

बरं, सैन्याचंच वेड असेल तर नीट तरी वेड लागू दे. 23 जून 1961 ला साताऱ्याला देशातली पहिली सैनिकी शाळा निघाली. दुसरी ह्या राज्याला मिळायला 58 वर्षं लागली, आणि ती कुठं आली? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. 2019 पासून बल्लारपूरच्या वाटेवर विसापूरजवळ उभी आहे. पुण्या-मुंबईची माणसं तिथे पोरं घालायला धडपडतात. सहावीच्या प्रवेशासाठी वय 10 ते 12, 31 मार्चला मोजलेलं. राखीव जागा वजा जाता उरलेल्यांतल्या 25 टक्के आजी-माजी सैनिकांच्या मुलांना. सहावीचा पेपर मराठीतूनही देता येतो. 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताचे. हे गणित म्हणजे काही वेगळी विद्या नाही रे, चौथी-पाचवीचंच, पण वेळ लावून सोडवायचं. तयारी चौथीत सुरू करावी लागते. तू केव्हा उगवतोस? पोरगं बाराचं झाल्यावर, फॉर्मची तारीख गेल्यावर, "सर, कोणाची ओळख आहे का तिथं?" ओळख! तीन वर्षं पाढे म्हणवले नाहीत आणि आता ओळख शोधतोस.

फी झेपत नाही म्हणू नकोस. नियमात बसलास तर वसतिगृहाचं अनुदान महिन्याला 8,437 रुपये 50 पैसे आहे. बेळगावला राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, त्यात 70 टक्के जागा तुझ्यासारख्या जवानांच्या आणि जेसीओंच्याच पोरांना. जागा तुझ्यासाठी ठेवून सरकार वाट बघतं, आणि तू स्लॅबला सिमेंट किती लागतं ते बघतोस.

"मुलगी आहे सर." मग? 2021 पासून सैनिकी शाळांची दारं मुलींना उघडी आहेत. एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी 30 मे 2025 ला बाहेर पडली. त्या काय आभाळातून पडल्या? तुझी पोरगी वर्गात पहिल्या तिघींत असते. हे तरी तुला माहीत आहे का? आज कळलं न? हे बोनाफाईड मागायला आला नसतास तर ते कळायलाही तिची दहावी उजाडली असती.

आता कागद. इथे तर तुम्ही कहर करता. पोरगं जन्मलं की युनिटमध्ये त्याच्या नोंदीची पार्ट टू ऑर्डर करून घ्यायची असते. केली? नाव कसं टाकलं? शाळेत आर्यन, आधारवर आर्यंश, युनिटच्या कागदात आणखी तिसरंच. बापाचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षरं, तिसरीकडे आडनाव आधी. शाळेत असेपर्यंत दाखल-खारीज रजिस्टरातली चूक सुधारायला सोपी. एकदा दहावीच्या बोर्डाच्या कागदावर चढली की मग तू आणि तुझ्या चपला. बारावीनंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशात संरक्षण दलातल्या पाल्यांना 5 टक्के जागा आहेत. सेवेत असलेल्याचा गट वेगळा, निवृत्ताचा वेगळा, प्रमाणपत्राचा नमुना वेगळा. कागद तपासणीच्या दिवशी सापडत नाही, आणि लेकराला खुल्या गटात ढकललं जातं. तेव्हा सरकारला शिव्या. सरकारने नाव चुकवलं होतं का?

पेन्शनीत आलेल्यांनी हसू नये, तुमच्याकडेच येतोय. चाळिशीच्या आत-बाहेर घरी आलात, पोरं ऐन शिक्षणात. सेवेत होतात तोवर युनिटचा क्लार्क आठवण करून द्यायचा. आता कोण देणार? चंद्रपूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकाचं ओळखपत्र काढायला गेला होतात, त्यानंतर परत गेलात कधी? पंतप्रधान शिष्यवृत्ती वर्षाला 5,500 मुलांना मिळते. मुलींना महिन्याला 3,000, मुलांना 2,500. बारावीला 60 टक्के हवेत, अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. पहिल्याच वर्षी. माझ्याकडे बाप येतात ते पोरगी तिसऱ्या वर्षाला असताना. बैल गेला अन् झोपा केला. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना पहिलीपासून पदवीपर्यंत दोन लेकरांमागे जे अनुदान मिळतं, ते महिन्याला 1,000 चं 2,000 झालं, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना. व्हॉट्सॲपवर आलं असेल. पुढं ढकललंत, अर्ज मात्र कोणी केला नाही. दिवसातून चार वेळा "गुड मॉर्निंग" टाकणाऱ्या हाताला एक फॉर्म भरता येत नाही?

सीआरपीएफवाल्यांनो, तुम्ही तर चुकीच्या दारात भांडता. सैनिक कल्याणचं कार्यालय तुमचं नाही. तुमची शिष्यवृत्ती गृहमंत्रालयाकडून, तुमच्याच दलामार्फत. रक्कम तीच. हे अन्यायाचं आहे की नाही, त्यावर वाद घाला, मीही तुमच्या बाजूने घालीन, कारण गडचिरोलीच्या जंगलात गोळी कोणाची वर्दी विचारून लागत नाही. पण वाद चालू असताना फॉर्मची तारीख थांबत नाही.

"वरोऱ्यात काय सोय आहे सर," असं कोणी म्हटलं की मला आनंदवनाच्या दिशेनं बोट दाखवावंसं वाटतं. ज्यांना कुष्ठरोगापायी घरच्यांनी हाकललं त्या माणसांनी खपून 1964 साली ह्या गावाला कॉलेज दिलं. तुमची पोरं आज तिथेच पदवी घेतात. सोय नव्हती ती त्यांना नव्हती.

माझ्या शिक्षकबांधवांनाही सोडत नाही. इंग्लंडात 2011 पासून वर्गात फौजी लेकरू असलं की शाळेला त्याच्यापायी वेगळा निधी मिळतो. म्हणजे कोणाचा बाप कुठं आहे हे शाळेला माहीत असावंच लागतं. आपल्याकडे निधी नाही. पण माहीत करून घ्यायला निधी कशाला? पोरगं आठवडाभर गप्प आहे, डबा उघडत नाही, आणि टीव्हीवर सीमेवर गोळीबार चालू आहे. दोन्ही जोडायला बी.एड. लागतं का? त्या दिवशी त्याला पाढा चुकला म्हणून उभं केलंत. शाब्बास.

वीरपत्नींना मी काही बोलणार नाही. बोलायचं आहे ते गावाला. जिचा नवरा परत आला नाही, तिच्या लेकरांची शिकवणी फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश ह्याचा खर्च केंद्राने उचलायची योजना 1972 पासून आहे. 2017 मध्ये त्यावर महिन्याला 10,000 ची मर्यादा बसवली, ओरड झाली, 2018 मध्ये उठवली. दिल्लीत ओरड करणारे होते म्हणून. इथे? 26 जानेवारीला स्टेजवर बोलावता, शाल देता, श्रीफळ देता, फोटो काढता. पुढाऱ्याचं भाषण लांबतं, ती उन्हात बसते. 27 तारखेला तिला चंद्रपूरला जायचं असतं, तीन साक्षांकित प्रती घेऊन. सोबत कोण जातं? नारळ देणाऱ्यांपैकी एक?

7 डिसेंबरला ध्वजदिन येईल. या खेपेला भाषण ठेवू नका. शाळेच्या एका खोलीत टेबल मांडा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि फॉर्म भरून देणारी दोन पदवीधर पोरं बसवा, आजी-माजी सगळ्यांसाठी. एवढ्या मोठ्या गावात दोन सापडतील न? की तीही चंद्रपूरहून मागवायची?